शेरलॉक होम्सच्या मनोवस्था : लहर, व्यसन की विकार?

बीजसंज्ञा : शेरलॉक होम्स, रहस्यकथा, मनोवस्था, द्विध्रुवी विकार, कोकेन, प्रतिभा, विक्षिप्तता

प्रस्तावना

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार मराठी वाचकांनी भरभरून वाचला. समीक्षेने मात्र त्याला फार काळ ओसरीवरच बसवून ठेवले. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे धनंजय, झुंझार आणि काळा पहाड गावोगावच्या वाचनालयांतून घरोघरी पोहोचले. भालबा केळकरांसारख्या लेखकांच्या अनुवादांमुळे शेरलॉक होम्सही मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला. अर्नाळकरांचा नायक आणि हा इंग्रज गुप्तहेर यांच्यात एक फरक सामान्य वाचकालाही जाणवतो. धनंजय संकटात सापडतो, पण मनाने खचत नाही. होम्स मात्र हाती प्रकरण नसले की दिवसचे दिवस सोफ्यावर पडून राहतो, कोणाशी बोलत नाही, आणि प्रकरण हाती येताच तहानभूक विसरून रात्रंदिवस राबतो. या दोन टोकांमधील त्याचे हेलकावे पाहून त्याला काही मानसिक आजार होता काय, असा प्रश्न वाचक आणि मनोविकारतज्ज्ञ दोघांनीही वेळोवेळी विचारला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा वेध घेतला आहे.

प्रश्न एका काल्पनिक पात्राचा असल्याने तो केवळ करमणुकीचा वाटण्याची शक्यता आहे. परंतु महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात एखाद्या हुशार विद्यार्थ्याविषयी 'बुद्धिमान आहे, पण लहरी आहे' हे वाक्य सहज उच्चारले जाते आणि तेवढ्यावर विषय संपतो. बुद्धिमान माणूस लहरी असायचाच, ही समजूत त्या वाक्यामागे असते. ती रुजवण्यात ज्या साहित्याचा वाटा आहे त्यात होम्सकथांचे स्थान मोठे आहे.

कथांमधील पुरावा

आर्थर कॉनन डॉइल (१८५९-१९३०) यांनी १८८७ ते १९२७ या चाळीस वर्षांत होम्सवर चार कादंबऱ्या आणि ५६ कथा लिहिल्या. 'अ स्टडी इन स्कार्लेट' (१८८७) या पहिल्याच कादंबरीत होम्स आणि डॉ. वॉटसन एकत्र बिऱ्हाड करण्याचे ठरवतात, तेव्हा दोघेही आपापले दोष आधीच सांगून टाकतात. आपण अधूनमधून उदास होतो आणि कित्येक दिवस तोंड उघडत नाही, तेव्हा आपल्याला एकटे सोडावे, असे होम्स स्वतःच सुचवतो. पुढे वॉटसनला त्याचा प्रत्यय येतो. कामाचा झपाटा आला की होम्सच्या उत्साहाला सीमा राहत नाही. नंतर त्याची प्रतिक्रिया येते आणि तो दिवसभर दिवाणखान्यात निश्चल पडून राहतो. त्याच्या डोळ्यांतील शून्य, स्वप्नाळू भाव पाहून वॉटसनच्या मनात अंमली पदार्थाचा संशय येतो. पण त्याचे संयमी आणि स्वच्छ राहणीमान पाहून तो संशय दूर सारतो.

'द साइन ऑफ फोर' (१८९०) मध्ये हा संशय खरा ठरतो. कादंबरीच्या आरंभीच होम्स सात टक्के कोकेनच्या द्रावणाची सुई टोचून घेतो. हे दिवसातून तीनदा, कित्येक महिने चालले आहे. साचलेपणाविरुद्ध आपले मन बंड करते, काम दिले तर या कृत्रिम उत्तेजकाची गरज उरणार नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. कादंबरीच्या शेवटी प्रकरण उलगडते, वॉटसनचे लग्न ठरते, श्रेय पोलीस अधिकाऱ्याला मिळते आणि होम्सचा हात पुन्हा कोकेनच्या बाटलीकडे वळतो. 'द यलो फेस' (१८९३) या कथेत तर असे स्पष्ट म्हटले आहे की, प्रकरणे कमी असली आणि वर्तमानपत्रे नीरस झाली की आयुष्याच्या कंटाळवाणेपणाचा निषेध म्हणून तो या पदार्थाकडे वळे.

निदानाच्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा 'द रायगेट स्क्वायर्स' (१८९३) या कथेत आहे. १८८७ च्या वसंतात होम्सने एका आंतरराष्ट्रीय आर्थिक गैरव्यवहाराचा तपास केला. दोन महिने तो रोज किमान पंधरा तास राबत होता आणि एकाहून अधिक वेळा सलग पाच पाच दिवस कामाला जुंपून होता. शेवटी फ्रान्समधील लिऑन येथे तो अंथरुणाला खिळला. युरोपभर त्याच्या नावाचा डंका वाजत असताना, अभिनंदनाच्या तारांचा खच खोलीत पडलेला असताना, तो स्वतः घोर विषण्णतेत बुडालेला वॉटसनला आढळला. या प्रसंगाचे महत्त्व असे की, येथे उदासीचे कारण अपयश वा रिकामपण नाही. विजयाच्या क्षणीच मन खाली कोसळले आहे. 'द डेव्हिल्स फूट' (१९१०) या कथेतही १८९७ साली अतिश्रमाने त्याची लोखंडी प्रकृती ढासळते आणि हार्ले स्ट्रीटवरील एका डॉक्टरच्या सक्तीमुळे त्याला कॉर्नवॉलला विश्रांतीसाठी जावे लागते.

याखेरीज किरकोळ वाटणारे अनेक तपशील आहेत. आरामखुर्चीत बसून भिंतीवर पिस्तुलाच्या गोळ्यांनी राणीची आद्याक्षरे कोरणे, तंबाखू इराणी चपलेत ठेवणे, रात्रभर एक औंस तंबाखू ओढत विचार करणे, प्रकरण चालू असताना अन्न वर्ज्य करणे. वाचकाला हे सारे मौजेचे वाटते. बिऱ्हाडाची मालकीण आणि वॉटसन यांना ते सोसावे लागे, हा भाग कथेत हसण्यावारी नेलेला आहे.

लेखक, काळ आणि परिभाषा

डॉइल स्वतः डॉक्टर होते. एडिंबरा विद्यापीठातील त्यांचे गुरू डॉ. जोसेफ बेल (१८३७-१९११) हे रोग्याच्या चालण्याबोलण्यावरून, हातावरच्या घट्ट्यांवरून त्याचा व्यवसाय ओळखत. होम्सची निरीक्षणशक्ती ही बेल यांची देणगी होय, हे डॉइल यांनीच सांगितले आहे. मात्र बेल यांच्याकडून होम्सला बुद्धी मिळाली; काळोख कोठून आला, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

या संदर्भात लेखकाच्या घरातील एक वस्तुस्थिती दुर्लक्षून चालणार नाही. त्यांचे वडील चार्ल्स डॉइल चित्रकार होते. मद्यासक्ती आणि ढासळत्या मानसिक अवस्थेमुळे त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे स्कॉटलंडमधील मनोरुग्णालयांत गेली. १८८८ मध्ये 'अ स्टडी इन स्कार्लेट' पुस्तकरूपाने निघाले तेव्हा त्यातील चित्रे याच चार्ल्स डॉइल यांनी काढली होती. म्हणजे होम्सच्या अगदी पहिल्या काही चित्रांपैकी ही चित्रे एका मनोरुग्णालयातून आली. १८९३ च्या ऑक्टोबरमध्ये ते वारले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, 'द फायनल प्रॉब्लेम' या कथेत, डॉइल यांनी होम्सला रायखेनबाखच्या धबधब्यात लोटले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे ठरेल. डॉइल होम्सला कंटाळले होते, हे त्यामागचे उघड कारण आहे. पण उदासी, व्यसन आणि वाया गेलेली प्रतिभा हे तिन्ही विषय या लेखकाला ग्रंथालयात बसून शोधावे लागले नाहीत, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

परिभाषेचा प्रश्न वेगळा आहे. उन्माद आणि अवसाद यांचे चक्र हा एकच आजार आहे, असे फ्रान्समध्ये फाल्रे यांनी १८५४ च्या सुमारास मांडले होते. त्याला आधुनिक मनोविकारशास्त्रात पक्के स्थान मिळाले ते जर्मनीतील एमिल क्रेपेलिन यांच्या १८९९ च्या ग्रंथामुळे. होम्सचा स्वभाव डॉइल यांनी त्याआधीच रेखाटून टाकला होता. कोकेनची गोष्टही अशीच. १८८४ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी कोकेनची स्तुती करणारा निबंध लिहिला आणि त्याच वर्षी कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत बधिरतेसाठी त्याचा उपयोग दाखवला. त्या काळी ब्रिटनमध्ये कोकेन औषधविक्रेत्याकडे मिळे. त्यावर कडक निर्बंध आले ते पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये. म्हणून होम्सची सुई आज जेवढी धक्कादायक वाटते तेवढी १८९० च्या वाचकाला वाटली नसावी. वॉटसनचा विरोध मात्र तेव्हाही स्पष्ट आहे, हे डॉक्टर असलेल्या लेखकाच्या जागरूकतेचे लक्षण मानावे लागेल.

निकषांच्या कसोटीवर

होम्सला सर्वाधिक वेळा चिकटवले गेलेले निदान म्हणजे द्विध्रुवी मनोविकार, म्हणजेच बायपोलर डिसऑर्डर. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती (२०१३) पाहिल्यास या विकारात उन्मादाची अवस्था साधारण आठवडाभर, सौम्य उन्मादाची किमान चार दिवस आणि अवसादाची किमान दोन आठवडे टिकावी लागते. या अवस्था नेहमीच्या स्वभावापासून ठळकपणे वेगळ्या असाव्या लागतात आणि त्या एखाद्या पदार्थाच्या सेवनाने निर्माण झालेल्या नसाव्यात, अशीही अट आहे.

पहिली अडचण येथेच येते. कोकेनच्या अंमलाखाली माणसाला उत्साह, वाचाळता, निद्रानाश, भूक मंदावणे आणि आत्मविश्वासाची भरती जाणवते. अंमल उतरला की थकवा, अतिझोप, उदासी आणि कशातच रस न वाटणे अशी अवस्था येते. दिवसातून तीनदा, महिनोन्‌महिने कोकेन घेणाऱ्या माणसाच्या चढउतारांचा उगम पदार्थात की स्वभावात, हे प्रत्यक्ष रोग्यासमोर बसलेल्या तज्ज्ञालाही पदार्थ सुटून बराच काळ जाईपर्यंत ठरवता येत नाही. होम्स मात्र उलट क्रम सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आधी रिकामपणाची तगमग, मग कोकेन. व्यसनी माणसाचे स्वतःच्या व्यसनाविषयीचे स्पष्टीकरण किती ग्राह्य धरावे, हा प्रश्न उरतोच.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. होम्सची मनोवस्था प्रकरणाच्या आगमनावर अवलंबून असते. जिन्यावर अशिलाची पावले वाजली की सोफ्यावरचा निश्चल माणूस क्षणात उठून बसतो. गंभीर अवसादात सहसा असे होत नाही. आवडते कामही नकोसे होणे हेच त्या आजाराचे गाभ्याचे लक्षण. अवसादाच्या एका प्रकारात चांगल्या घटनेने मन तात्पुरते उजळते, हे खरे आहे, आणि केवळ एवढ्या आधारावर होम्सला निरोगी ठरवणे घाईचे होईल. तरीही ज्या अवस्थेचा दिवा बाहेरून इतक्या नेमाने लावता-विझवता येतो, तिचे वर्णन 'उत्तेजनाची भूक' असे करणे अधिक नेमके ठरते.

तिसरी बाब झपाट्याच्या काळाची. उन्मादात माणसाचा विवेक सुटतो. पैसा उधळला जातो, नाना योजना आखल्या जातात आणि अर्धवट राहतात, विचार एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उड्या मारतात. होम्सच्या झपाट्यात विचार याच्या उलट, एका बिंदूवर स्थिर होत जातात. तो हिशेबी राहतो आणि हाती घेतलेले काम तडीस नेतो. याला उन्माद म्हणायचे तर परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा प्रत्येक विद्यार्थी रोगी ठरेल.

रायगेटचा प्रसंग मात्र या युक्तिवादात सामावत नाही. तेथे काम यशस्वी झाल्यावर, कीर्तीच्या शिखरावर अवसाद आला आहे. तो अतिश्रमाने आलेला मानावा, असे वॉटसनचे मत आहे आणि रायगेटला नवे प्रकरण मिळताच होम्स ताजातवाना होतो, हेही कथेतच दिसते. सौम्य पण दीर्घकाळ चालणाऱ्या चढउतारांना 'सायक्लोथायमिया' अशी संज्ञा आहे. कोकेनचा भाग वजा करून काही उरत असेल, तर ते या संज्ञेच्या आसपास उरते. यापुढे पुरावा नेत नाही.

स्वमग्नतेचे निदानही काहींनी सुचवले आहे. १४० प्रकारच्या तंबाखूच्या राखेवर प्रबंध लिहिणारा आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे ठाऊक नसणारा माणूस पाहिला की ते सुचणे स्वाभाविक आहे. त्याचा भाऊ मायक्रॉफ्ट ज्या क्लबात बसतो तेथे बोलण्यासच बंदी आहे. परंतु या निदानासाठी बालपणीच्या विकासाची माहिती अनिवार्य असते आणि होम्सचे बालपण कथांतून जवळजवळ गायब आहे. शिवाय भिकाऱ्यापासून पाद्र्यापर्यंत कोणाचेही सोंग हुबेहूब वठवणे, घाबरलेल्या स्त्रीला दोन वाक्यांत धीर देणे, ही कामे इतरांची मने न वाचता येणाऱ्या माणसाला अवघड आहेत. राहिले 'समाजविघातक व्यक्तिमत्त्व'. हे बिरुद मूळ कथांतील नव्हे. २०१० ते २०१७ या काळात बीबीसीने दाखवलेल्या मालिकेतील नायक ते स्वतःच मिरवतो. मूळ होम्सला गरिबांकडून फी न घेण्याची सवय आहे आणि दयेपोटी गुन्हेगाराला सोडून दिल्याचीही उदाहरणे आहेत. हे निदान विचारात घेण्याचेही कारण नाही.

साक्षीदाराची विश्वासार्हता

वरील सर्व चर्चेला एक मोठी मर्यादा आहे. होम्सविषयी जे काही कळते ते बहुतांशी वॉटसनच्या तोंडून. लग्नानंतर वॉटसन वेगळा राहतो. होम्सचे कित्येक महिने त्याने पाहिलेलेच नाहीत. त्यातही 'द डाइंग डिटेक्टिव्ह' (१९१३) या कथेत होम्स तीन दिवस उपाशी राहून मरणासन्न रोग्याचे सोंग आणतो, भ्रमिष्टासारखे बरळतो आणि वॉटसन फसतो. मात्र वॉटसनला जवळ येऊ दिले असते तर आपले सोंग टिकले नसते, हे होम्स नंतर मान्य करतो. ज्याची लक्षणेच अभिनयाची असू शकतात अशा रोग्याचे निदान करायचे तरी कसे?

आणि त्याहून वर स्वतः लेखक. डॉइल तपशिलांबाबत कमालीचे बेफिकीर होते. वॉटसनला अफगाण युद्धात लागलेली गोळी पहिल्या कादंबरीत खांद्यात आहे, दुसरीत ती पायात आहे. एका कथेत वॉटसनची बायको त्याला जॉनऐवजी जेम्स म्हणते. जेथे जखमेची जागा ठरत नाही तेथे उदासीचे दिवस मोजून निदान करू पाहणे हे वाळूवर घर बांधण्यासारखे आहे. अमेरिकेत १९६४ मध्ये एका मासिकाने बॅरी गोल्डवॉटर या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या मानसिक स्थितीवर मनोविकारतज्ज्ञांची मते छापली. त्यातून पुढे १९७३ मध्ये, प्रत्यक्ष तपासणी आणि संमती यांशिवाय सार्वजनिक व्यक्तीविषयी मत देऊ नये, हा नियम तेथील तज्ज्ञांच्या संघटनेने स्वीकारला. काल्पनिक पात्राला असे संरक्षण नाही, म्हणूनच कदाचित त्याच्यावर एवढी निदाने झाली.

एक पात्र आणि एक माणूस

होम्सला द्विध्रुवी विकार होता, अशी आजच्या अनेकांची जी ठाम धारणा आहे तिचा उगम छापील कथांपेक्षा पडद्यात शोधावा लागतो. ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या मालिकेत १९८४ ते १९९४ या काळात जेरेमी ब्रेट या अभिनेत्याने ४१ भागांत होम्स साकारला. अचानक उसळणारे हास्य, तुटक हालचाली, क्षणात विझणारा चेहरा ही त्याच्या अभिनयाची वैशिष्ट्ये. ब्रेट यांना स्वतःला हा विकार होता. १९८५ मध्ये पत्नीच्या निधनानंतर त्यांची प्रकृती ढासळली आणि १९८६ मध्ये त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. लिथियमचे उपचार सुरू झाले. मालिकेच्या शेवटच्या भागांत औषधांचे आणि हृदयविकाराचे परिणाम त्यांच्या शरीरावर दिसतात. १९९५ मध्ये, ६१ व्या वर्षी ते वारले.

येथे काल्पनिक आणि वास्तव यांतील अंतर उघडे पडते. होम्सची उदासी कथेच्या पहिल्या दोन पानांत येते आणि तिसऱ्या पानावर पाहुणा आला की संपते. ब्रेट यांच्या आजाराला चित्रीकरणाच्या वेळापत्रकाची पर्वा नव्हती. आजाराने त्यांना होम्स बनवले नाही. आजार असूनही ते होम्स वठवत राहिले. पात्राच्या व्यसनाचे अनुकरण कोणी करू नये याची त्यांना काळजी होती. डॉइल यांच्या कन्येची अनुमती घेऊन त्यांनी 'द डेव्हिल्स फूट' या भागात होम्सला कॉर्नवॉलच्या वाळूत सुई पुरून टाकायला लावले. मूळ कथेत हा प्रसंग नाही.

प्रतिभेचा आणि काळोखाचा करार

मग डॉइल यांनी हे हेलकावे का घातले? त्याचे एक कारण वाङ्मयीन परंपरेत आहे. एडगर ॲलन पो यांचा द्युपँ (१८४१) दिवसा खिडक्या बंद करून मेणबत्तीच्या उजेडात बसतो आणि रात्री बाहेर पडतो. एकाकी, निशाचर, जगापासून तुटलेला बुद्धिमंत ही स्वच्छंदतावादी कल्पना होती आणि होम्स तिचा वारस आहे. दुसरे कारण रचनेचे. सोफ्यावरची निश्चलता असल्याशिवाय दारावरच्या थापेला नाट्य येत नाही.

ही परंपरा अटळ नव्हती, याचा पुरावा महाराष्ट्रातच सापडतो. ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय (१८९९-१९७०) १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईस आले आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. मध्यंतरी सोडून दिलेला ब्योमकेश त्यांनी पुढे पुन्हा हाती घेतला आणि त्याच्या उत्तरार्धातील बऱ्याच कथा पुण्यात लिहिल्या गेल्या. हा सत्यान्वेषी होम्सइतकाच बुद्धिमान आहे. पण तो लग्न करतो, संसार करतो, बायकोशी लटके भांडतो, चहा पितो. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रजित कपूर यांनी उभा केलेला शांत ब्योमकेश मराठी प्रेक्षकांनाही आठवत असेल. त्याच्या तल्लखपणाला काळोखाची गरज भासत नाही.

संशोधनाचे म्हणणे काय, हेही पाहिले पाहिजे. स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या २०११ आणि २०१३ च्या अभ्यासांत सर्जनशील व्यवसायांतील लोकांमध्ये द्विध्रुवी विकाराचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. लेखक वगळता इतर मनोविकारांबाबत मात्र असे आढळले नाही. रुग्णांची निरोगी भावंडेही अशा व्यवसायांत अधिक दिसली, हा त्यातील विशेष लक्षणीय भाग. म्हणजे संबंध असलाच तर तो स्वभावाच्या पातळीवर असावा. आजार वाढला की प्रतिभा वाढते, असा अर्थ त्यातून निघत नाही.

'विक्षिप्त' हा शब्द

होम्ससारख्या माणसासाठी मराठीत लहरी, तऱ्हेवाईक, चक्रम, सणकी, विक्षिप्त असे शब्द आहेत. यातील शेवटचा शब्द शास्त्रातून उतरला आहे. पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. तेथे विक्षिप्त म्हणजे चंचल असूनही मधूनमधून स्थिर होणारे चित्त. व्यवहारात आपण त्याचा अर्थ 'विचित्र' असा करून टाकला. मूळ अर्थाने पाहता होम्स मूढ आणि एकाग्र या दोन भूमींमध्ये येरझारा घालतो. मधल्या विक्षिप्त भूमीवर, जेथे तुम्हीआम्ही दिवसाचा बहुतेक वेळ घालवतो, तेथे तो थांबतच नाही. हे वर्गीकरण निदान करत नाही, औषध सांगत नाही. पण होम्सच्या अवस्थेचे ते जेवढे नेमके वर्णन करते तेवढे आधुनिक निदानपुस्तिकेलाही साधलेले नाही, असे म्हणावेसे वाटते.

उलट बाजूने पाहता मराठीत या लहरींच्या पलीकडच्या अवस्थेसाठी शब्द अपुरे आहेत. लहरी म्हणून कौतुक, किंवा मग 'डोक्यावर परिणाम झाला' आणि 'बाहेरची बाधा'. मधली जागा रिकामी. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) आणि 'कासव' (२०१६) या चित्रपटांनी ती जागा भरण्याचा प्रयत्न केला. त्यांतील आजारी तरुणांना आजाराच्या बदल्यात कोणतीही अलौकिक बुद्धी दिलेली नाही, ही गोष्ट होम्सकथांच्या पार्श्वभूमीवर मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे.

शेलूबाजारच्या संदर्भात

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के होते. या सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. वाशीम हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. २०१५ मध्ये राज्य शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत सुरू केलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पातही त्याचा समावेश होता. विदर्भासाठीचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला आहे. समृद्धी महामार्गामुळे शेलूबाजारहून नागपूर वेळेच्या हिशेबाने जवळ आले. पण मनोविकारतज्ज्ञाकडे जायचे तर घरात आधी ते बोलावे लागते.

शेलूबाजारसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयात शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांतील मुले शिकतात. सोयाबीनच्या हंगामात विद्यार्थी आठवडाभर गैरहजर राहिला तर त्याचे कारण सगळ्यांना ठाऊक असते. हंगाम संपल्यावरही न येणारा, आल्यावर मागच्या बाकावर डोके टेकून बसणारा, पूर्वी कवितांचे वाचन करणारा आणि आता त्यांकडे न फिरकणारा विद्यार्थी मात्र 'लहरी' या सदरात टाकला जातो. होम्सच्या उदाहरणावरून प्राध्यापकाला येथे एक उपयोगी प्रश्न मिळतो. या मुलाच्या दारावर त्याच्या आवडीची थाप पडली तर तो उठतो का? उठत असेल तर कदाचित त्याला आव्हान कमी पडत आहे. उठत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर ती लहर नव्हे. उठणाऱ्याविषयीही पूर्ण निश्चिंत राहता येत नाही, हे वर आलेच आहे. निदान करणे हे प्राध्यापकाचे काम नाही. तज्ज्ञापर्यंतची वाट दाखवणे हे आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. ग्रामीण महाविद्यालयांत ही व्यक्ती येईपर्यंत मार्गदर्शक-प्राध्यापक योजनेतील अध्यापकच पहिला साक्षीदार राहणार आहे.

साक्षीदाराचे काम सोपे नसते, हेही होम्सकथांत आले आहे. 'द साइन ऑफ फोर' च्या आरंभी वॉटसन कबूल करतो की, त्याने दिवसातून तीनदा ती सुई पाहिली, रोज रात्री बोलायचे ठरवले आणि होम्सचा थंड, बेफिकीर आविर्भाव पाहून प्रत्येक वेळी माघार घेतली. तो डॉक्टर होता, मित्र होता, एकाच घरात राहत होता. तरी तोंड उघडायला त्याला कित्येक महिने लागले आणि जेव्हा तो बोलला तेव्हा होम्सने हसून ते टोलवले. पुढे चौदा वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या 'द मिसिंग थ्री-क्वार्टर' (१९०४) या कथेत वॉटसन जाता जाता सांगतो की, वर्षानुवर्षे प्रयत्न करून आपण होम्सला त्या पदार्थापासून हळूहळू दूर केले; ती आसक्ती मेलेली नाही, झोपलेली आहे, आणि ती झोप फार सावध आहे.